इंजिनाच्या तोंडात तीर्थ

आमच्या शेजारी एक निवृत्त मामलेदार राहतात. सकाळचा पेपर ते वाचतात आणि मला तो ऐकावा लागतो. परवा मोठ्या उत्साहाने सांगत आले की, आता पेट्रोलमध्ये उसापासून काढलेलं इथेनॉल मिसळणार, अगदी नवा शोध आहे म्हणे. मी म्हटलं, साहेब, बसा, चहा घ्या. हा शोध आम्ही बेळगावात खडेबाजाराच्या मागच्या बोळात बसून नाकाने लावला होता. तेव्हा नाण्यावर राजाचं तोंड होतं आणि पेट्रोल कूपनावर मिळत होतं. त्याला इथेनॉल म्हणण्याइतके आम्ही शिकलेले नव्हतो. आम्ही त्याला स्पिरिट म्हणायचो, आणि मिस्त्री रागावलेले असले की नुसतं 'दारू' म्हणायचे.

मामलेदारांना ते खरं वाटलं नाही. म्हणून हे लिहायला घेतलं आहे.

मी शिवाप्पा मिस्त्रींच्या कारखान्यात फिटर होतो. कारखाना म्हणजे पत्र्याचं छप्पर, एक ऐरण, एक व्हाइस आणि तेलाने काळी झालेली जमीन. पण बेळगावपासून निपाणीपर्यंत जिथे जिथे छोटं इंजिन होतं, तिथून आम्हाला बोलावणं येई. विहिरीवरचे पंप, नाटक कंपन्यांचे डायनामो, पिठाच्या गिरण्या, वकील-डॉक्टरांच्या फटफट्या. मिस्त्रींचं घर कानडी, पण रागावायचे मराठीत. कानडीत रागावलं तर देवाला कळतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

ज्यांचा इंजिनाशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. इंजिन हे अगदी साधं जनावर आहे. त्याला तीन गोष्टी लागतात: खायला तेल, श्वासाला हवा आणि वेळेवर एक ठिणगी. यातलं एक जरी बिघडलं तरी ते बसतं, आणि मग मालक त्याला लाथ घालतो. लाथेने आजवर एकही इंजिन सुरू झालेलं मी पाहिलेलं नाही, पण लाथ न घालणारा मालकही पाहिलेला नाही. आपलं काम एवढंच, की तिन्हींपैकी काय अडलं आहे ते शांतपणे बघायचं. ज्याचं डोकं तापतं त्याने या धंद्यात येऊ नये. माझं तापायचं, पण मिस्त्रींचं त्याहून जास्त तापायचं, त्यामुळे माझं झाकून गेलं.

लढाई सुरू झाली आणि पेट्रोल आटलं. मग कुठून कुठून स्पिरिट मिसळलेलं पेट्रोल येऊ लागलं. कधी येई, कधी नसे, आणि डब्यावर तसं कुणी लिहीत नसे. आम्हाला पहिल्यांदा कळलं ते एका डॉक्टरांमुळे.

हे डॉक्टर खादी घालत आणि दारूबंदीचे कट्टर पुरस्कर्ते होते. रविवारी फटफटीवर बसून आसपासच्या गावांत जात, रोगी तपासत आणि झाडाखाली दारूविरुद्ध व्याख्यान देत. असेच एकदा कंग्राळीला गेले होते. फटफटी शेजारी लावली आणि बोलायला उभे राहिले. रंगात आले असताना फटफटीतून थेंब थेंब गळायला लागलं आणि वास सुटला. वास असा की पहिल्या रांगेतल्या माणसांनी एकमेकांची तोंडं हुंगायला सुरुवात केली. शेवटी गावातला एक नावाजलेला पिणारा उठला, फटफटीजवळ जाऊन वाकला, आणि म्हणाला, "डाक्टर, ही तर आमच्यातलीच हाय."

व्याख्यान तिथेच संपलं. डॉक्टर फटफटी ढकलत बेळगावात आले ते थेट आमच्याकडे. चेहरा असा, की जणू घरातलं कुणीतरी पिताना सापडलं होतं.

मिस्त्रींनी कार्बोरेटर उघडला. त्यात बुचाचा एक तरंगता तुकडा असतो. पेट्रोल पुरेसं भरलं की तो वर उचलला जातो आणि तोटी बंद करतो. बुचाने पेट्रोल शोषू नये म्हणून त्याला चपडा लाखेचा हात दिलेला असतो. या फटफटीतला तुकडा मात्र भिजून तळाशी बसला होता. वर यायचं नावच घेत नव्हता, मग तोटी बंद कोण करणार? मिस्त्रींनी बोट लावलं तर लाख चिकचिकत होती. त्यांनी बोटाचा वास घेतला आणि हसत सुटले. पॉलिश करणारा सुतार लाख कशात विरघळवतो? स्पिरिटमध्ये. आणि आम्ही लाखेचं बूच महिनाभर स्पिरिटमध्ये बुडवून ठेवलं होतं.

उपाय सोपा होता. मिस्त्रींनी पातळ पितळी पत्र्याचा पोकळ डबा केला, डाख देऊन बंद केला आणि बुचाच्या जागी बसवला. तेलाचं भोक किंचित मोठं केलं, कारण स्पिरिटचं पेट्रोल त्याच कामाला जरा जास्त लागतं. फटफटी पूर्वीपेक्षा गोड चालू लागली. खरं सांगायचं तर स्पिरिट वाईट नव्हतंच. इंजिन त्यावर थंड राहतं, ठोके मारत नाही. फक्त नवीन सुनेसारखं त्याच्या आवडीनिवडी कळून घ्याव्या लागतात. जुन्या टाकीतला वर्षानुवर्षांचा मळ ते धुऊन काढतं आणि तो मळ बारीक भोकात नेऊन बसवतं, ही त्याची दुसरी खोड. तेवढं सांभाळलं की झालं.

पण डॉक्टर ऐकेनात. गाडी चांगली चालते हा मुद्दाच नाही, म्हणाले; ती काय पिऊन चालते हा मुद्दा आहे. शेवटी मिस्त्रींनी तळाला तोटी असलेला डबा घेतला, त्यात पेट्रोल ओतलं, वर पाणी ओतलं, खळबळून ठेवून दिलं. थोड्या वेळाने पाणी तळाशी बसलं. पण ओतलं होतं त्यापेक्षा बरंच जास्त. पेट्रोलमधलं सगळं स्पिरिट पाण्याने ओढून घेतलं होतं. स्पिरिट आणि पाणी यांचं जुनं गोत्र, एकमेकांना भेटले की पेट्रोलला विसरतात. तळाचं सोडून दिलं आणि वर शुद्ध पेट्रोल राहिलं, अर्थात कमी. डॉक्टरांनी तळाचं पाणी स्वतः उभं राहून गटारात ओतायला लावलं, कारण आमच्यावर त्यांचा विश्वास नव्हता. खरं तर त्यांनी काळजी करायचं कारण नव्हतं. ते पिणारा दुसऱ्या दिवशी त्यांच्याच दवाखान्यात आला असता.

पुढे प्रत्येक कूपनाचं पेट्रोल धुऊन घ्यायला ते येत राहिले. आमच्या सोयीसाठी त्यांनी दवाखान्यातल्या काचेच्या दोन औषधाच्या बाटल्या दिल्या होत्या, म्हणजे आधी थोड्यात बघता यावं की माल पिणारा आहे की निर्व्यसनी. त्या बाटल्या माझ्या पिशवीत कायमच्या गेल्या, आणि जुन्या साध्या पेट्रोलची एक कुपीही. हट्टी इंजिनाला घोटभर पाजायला ती बरी पडे.

त्याच साली दसरा होऊन गेला आणि निपाणीच्या मोटारीचा ड्रायव्हर निरोप घेऊन आला. कोगनोळीची गंगाक्काची पिठाची गिरणी बंद पडली आहे, इंजिन सुरूच होत नाही, दिवाळीचं दळण तुंबलं आहे, माणूस ताबडतोब पाठवा. मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं. मी पिशवी उचलली.

तेव्हाचा निपाणीचा प्रवास म्हणजे एक करमणूक होती. मोटारी कोळशाच्या गॅसवर चालत. पाठीला भट्टी बांधलेली असे, क्लीनर ती सारखी ढवळत राहायचा, आणि चढ आला की उतारूंनी उतरायचं. वंटमुरीच्या घाटात आम्ही सगळे खाली उतरलो आणि गाडी ढकलली. एक तंबाखूचा व्यापारी ढकलता ढकलता म्हणाला की तिकीट आपण काढलंय का गाडीनं, हेच कळेना झालंय. हसून हसून ढकलण्याचं बळ गेलं आणि गाडी मागे आली. रात्री निपाणीत मुक्काम केला, आणि सकाळी तंबाखूच्या गाडीवर बसून कोगनोळीला पोचलो.

गंगाक्काला मी दोनदा आधी पाहिलं होतं. चाळिशीची, काटक बाई. भुवयांवर कायम पीठ. नवऱ्याने हौसेने ते इंजिन आणून गिरणी घातली होती. त्याचा एक खांदा अधू, त्यामुळे इंजिनाचं जड चाक फिरवून सुरू करण्याचं काम पहिल्यापासून हिच्याकडेच होतं. तो पटकीच्या साथीत गेला. लोकांना वाटलं गिरणी बंद होणार. हिने तेराव्यानंतर पदर खोचला आणि चाक फिरवलं. गावातल्या बायांची जात्यावरची पहाट त्या गिरणीने वाचवली होती, त्यामुळे तेव्हा कुणी काही बोललं नाही. धुराड्याच्या तोंडाशी डबडं लावलेलं असे, त्याचा पुक् पुक् आवाज शिवारभर जाई. तो आवाज ऐकून बाया दळण डोक्यावर घेत.

मी पोचलो तेव्हा गिरणीपुढे बाया पाट्या घेऊन बसल्या होत्या आणि समोरच्या कट्ट्यावर पुरुष. पाटील पुढे आले. धिप्पाड, पांढऱ्या मिशांचे, मनाने वाईट नव्हेत, पण गावाची रीत म्हणजे आपल्या घराची भिंत असं मानणारे. त्यांनी मला बाजूला घेऊन प्रकरण समजावलं. खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते, तशी इंजिनाचीही. गंगाक्का विधवा. तिने स्वतःच्या हाताने इंजिनाची पूजा केली, आणि दसरा झाल्यावर इंजिन सुरूच होईना. गावाने ओळखलं. तेव्हा असं ठरलं आहे, की आज बेळगावच्या माणसाने इंजिन चालू केलं तर ठीक. नाहीतर तिच्या दिराच्या हातून पुन्हा पूजा करायची आणि गिरणी त्याच्या हवाली करायची.

मी विचारलं, दीर कुठे आहे? तो कट्ट्याच्या टोकाला बसला होता आणि ठरावाने सर्वांत जास्त तोच घाबरलेला दिसत होता. इंजिनाच्या आवाजाने त्याला धडधडायचं. गिरणीत बोलावलं तर तो बाहेरूनच दळण घेऊन जायचा, असं मागाहून कळलं.

बाई विधवा झाल्यावरही दर खंडेनवमीला पूजा तीच करत होती, आणि इंजिन चालत होतं. चालतंय तोवर कुणाला शास्त्र आठवत नाही. बंद पडलं की सगळ्यांना एकदम आठवतं. मला मनातून राग आला, पण फिटरने रागावर पाना चालवू नये.

मी आत गेलो. गंगाक्का इंजिनापाशी उभी होती. मला बघून तिने एवढंच विचारलं की प्रवासात काही खाल्लं का. मग मी ठिणगी बघितली, चांगली निळी. चाक फिरवून दाब बघितला, उत्तम. म्हणजे राहिलं खाणं. या इंजिनाला दोन टाक्या असतात. छोटी पेट्रोलची, सुरू करण्यापुरती. इंजिन तापलं की मोठ्या टाकीचं रॉकेल सोडायचं. छोट्या टाकीच्या तळाला मळ काढायची तोटी होती. ती उघडून मी तळहातावर थोडं घेतलं. हात गार पडला, पण पेट्रोल जसं बघता बघता उडून जातं तसं ते उडालं नाही. वास ओळखीचा होता. डॉक्टरांची फटफटी आठवली.

विचारलं, टाकी केव्हा भरली? तिने सांगितलं, नवमीच्या आदल्या दिवशी, निपाणीहून नवीन डबा आला त्यातून काठोकाठ भरली. त्या डब्याला वास न्यारा होता, ताडीसारखा. तेव्हाच तिच्या मनात पाल चुकचुकली होती. मी म्हटलं, आणि त्यानंतर काय केलं? काही नाही, म्हणाली. झेंडूची माळ, नारळ, ऊस, आणि तीर्थ.

"तीर्थ कुठं घातलंसा, आक्का?"

तिने टाकीच्या झाकणाकडे बोट दाखवलं. "तोंडात. दुसरं कुठं घालणार? बैलाला निवद तोंडातच देतोय न्हवं. मालक बी असंच घालत हुते."

मला एकदम हसू फुटलं. इतकं मोठ्याने हसलो की कट्ट्यावरचे पुरुष माना वळवून बघायला लागले. आणि मग हसता हसता माझ्या लक्षात आलं की या उत्तराने मी कुठे येऊन पोचलो आहे.

दरवर्षी साध्या पेट्रोलमध्ये तीर्थ म्हणून दूधगंगा नदीच्या पाण्याची एक पळी पडायची. पाणी जड. ते तळाशी, तेल ओढणाऱ्या नळीच्या खाली, निमूट पडून राहायचं. पुढे केव्हातरी मळाबरोबर ते निघून जायचं. यंदा त्याच पळीला स्पिरिट भेटलं. पाण्याने टाकीतलं सगळं स्पिरिट खाली ओढलं, तळाचा थर फुगून नळीच्या वर आला, आणि इंजिन थंडगार असताना त्याच्या तोंडी गेलं ते पेट्रोल नव्हे, पाणी घातलेली दारू. त्यावर ते कसं पेटणार? म्हणजे इंजिन बंद पडलं होतं ते खरोखर पूजेनेच, आणि पूजा खरोखर गंगाक्कानेच केली होती. हे बाहेर जाऊन सांगितलं की पाटील एवढंच म्हणणार: आम्ही काय वेगळं बोललो?

मी हळूच तिला सगळं समजावलं आणि म्हटलं, आक्का, मी बाहेर सांगतो की भोकात मळ अडकला होता. टाकी रिकामी करतो, इंजिन लगेच चालू होईल, कुणाला काही कळायचं नाही.

ती म्हणाली, "खोटं नगं बोलूस, बाबा. पुढल्या साली परत कायतरी हुईल, मग परत खोटं बोलाय तू कुठनं येनार? खरं सांग. पर समदं सांग, अर्धं न्हाय."

इतक्या वर्षांत मला कुणी याहून शहाणा सल्ला दिलेला नाही.

मी बाहेर आलो आणि पिशवीतून डॉक्टरांच्या दोन बाटल्या काढून कट्ट्यावर ठेवल्या. एकीत कुपीतलं जुनं साधं पेट्रोल ओतलं, दुसरीत गंगाक्काच्या नव्या डब्यातलं. लोक जमले. बायाही पाट्या सोडून पुढे आल्या. मी पाटलांना म्हटलं की मला दूधगंगेचं पाणी पाहिजे, तुमच्या घरच्या तांब्यातलं, आणि ते तुम्ही स्वतःच्या हाताने दोन्हींत सारखं घालायचं.

पाटील घुटमळले. त्यांना यात काहीतरी डाव आहे असा वास आला, आणि तो बरोबर होता. तांब्या तर आला, पण हात पुढे होईना. तेवढ्यात दळणाच्या रांगेतून एक म्हातारी काठी टेकत आली. ती पाटलांची आई. दिवाळीच्या चकल्यांची भाजणी घेऊन ती सकाळपासून बसली होती आणि बसून बसून तिची पाठ धरली होती.

"घाल की रं," ती म्हणाली. "हात झिजतोय व्हय तुजा?"

पाटलांनी पाणी घातलं. मी दोन्ही बाटल्यांना अंगठा लावून हलवल्या आणि ठेवल्या. साध्या पेट्रोलच्या बाटलीत पाणी सरळ तळाला गेलं, घातलं होतं तेवढंच. दुसरी बाटली आधी ताकासारखी गढूळ झाली. मग हळूहळू निवळली, आणि तळाचं पाणी फुगलेलं दिसलं. पाटलांनी वाकून बघितलं. कट्ट्यावरचा एकेक जण वाकून बघू लागला. दीर तर बाटलीला नाक लावून राहिला.

मग मी सगळं सांगितलं, काहीच राखून ठेवलं नाही. पूजेचं तीर्थ टाकीत पडलं हे सांगितलं, ते आक्कांनी घातलं हे सांगितलं, त्यांचे मालक दरवर्षी तेच करत हे सांगितलं, आणि यंदा पेट्रोलात काय आलं आहे तेही सांगितलं. पाण्याला घालणाऱ्याचा हात कळत नाही, म्हटलं. हे पाणी आत्ता कुणी घातलं ते सगळ्यांनी बघितलं आहे.

पाटील हळू आवाजात म्हणाले, "म्हंजे माझ्या हातनं बी बंद पडलं असतं."

"तुमच्या हातनं बी," मी म्हटलं.

आधी म्हातारी हसली. तिला दात नव्हते, त्यामुळे ते हसणं सगळ्या तोंडभर पसरलं. मग बाया हसल्या, मग कट्टा हसला, आणि शेवटी पाटीलही मिशीत हसायला लागले. मोठा माणूस हसला की लहान माणसांना मोकळं वाटतं, तसं सगळं गाव एकदम सैल झालं. दोष पेट्रोलचा, म्हणजे गिरणी आपल्या गळ्यात येत नाही, हे कळून दिराने तर असा सुस्कारा टाकला की मला त्याची दया आली.

आत जाऊन मी तळाची तोटी उघडली आणि फुगलेलं सगळं सोडून दिलं. वर राहिलं ते आपोआप धुतलेलं, साधं पेट्रोल. डॉक्टरांना हे दिसलं असतं तर त्यांना धन्य वाटलं असतं. कार्बोरेटरही उघडून रिकामा केला; त्यातल्या तरंगत्या बुचाची लाख अजून शाबूत होती, पण ती टिकणारी नव्हती. पितळेचा डबा पाठवून देईन म्हटलं. गंगाक्काला सांगितलं की पुढल्या साली तीर्थ तोंडात नको. ती म्हणाली, चाकावर शिंपडीन, त्येच लई राबतंय.

मी चाकाला हात घालायला गेलो तर तिने मला मागे सारलं. पदर खोचला, पाय रोवले आणि चाक फिरवलं. पहिल्या वेळी इंजिन नुसतं ठसकलं. दुसऱ्या वेळी एक ठोका पडला, मग दुसरा, आणि मग डबड्यातून तो पुक् पुक् आवाज निघाला. लग्नाच्या वाजंत्र्यानेही मला इतका आनंद दिलेला नाही. बायांनी पाट्या उचलल्या. इतका वेळ खाली बसलेली रांग एकदम उभी राहिली. गंगाक्काने मोठ्या टाकीचं रॉकेल सोडलं, पट्टा चढवला, दगड फिरू लागले आणि पीठ उडालं. मी दारात उभा राहून नुसता बघत होतो. मला हसू येत होतं.

तेवढ्यात गडबड झाली. पाटलांनी आईची भाजणीची पाटी स्वतः उचलली होती आणि रांग ओलांडून ते सरळ आत आले. त्यांचं काही वाईट मनात नव्हतं. पाटलांचं दळण आधी, ही गावाची रीतच होती, आणि आईची पाठ दुखत होती. त्यांनी पाटी गंगाक्काच्या पुढ्यात ठेवली.

गंगाक्काने म्हातारीची पाटी घेतली. भाजणी दळली, पीठ भरलं, आणि म्हातारीला हाताला धरून दाराच्या उंबऱ्यावर बसवलं. मग पाटलांनी मागे उभ्या असलेल्या गड्याला खूण केली, तर तो घरचं जोंधळ्याचं पोतं घेऊन आत आला.

इंजिनाच्या आवाजावरून ऐकू जाईल असं, पण अगदी सरळ आवाजात गंगाक्काने सांगितलं, "पाटील, म्हातारीचं झालं. ह्याला रांगेत हुबं ऱ्हावा."

इंजिन पुक् पुक् करत होतं. उंबऱ्यावरची म्हातारी मुलाकडे बघत होती. पाटलांनी एकदा इंजिनाकडे बघितलं, एकदा गंगाक्काच्या पीठ लागलेल्या भुवयांकडे. मग गड्याच्या पाठीवरचं पोतं स्वतःच्या खांद्यावर घेतलं आणि बाहेर जाऊन सगळ्या बायांच्या मागे उभे राहिले.

त्यांचा नंबर आला तेव्हा ऊन उतरलं होतं.